मर लागलेल्या रानातलं जितं झाड

सप्टेंबर २०२५ मध्ये माझी पीएच.डी.ची मौखिक परीक्षा झाली. विषय होता हरभऱ्याच्या मुळांभोवती राहणारे जिवाणू आणि ते तयार करतात ती बुरशीरोधक रसायनं. मातीची पिशवी हातात घेतल्यापासून रसायनाची ओळख पटेपर्यंत दोन वर्षं दोन महिने लागले. त्यातले आठ महिने एका चुकीपायी गेले. ती चूक मला आधी कुणी समजावून सांगितली असती तर टळली असती. म्हणून हे सगळं तारखांसकट लिहून ठेवतेय. तुम्ही नुकतेच मायक्रोबायॉलॉजीत संशोधनाला लागला असाल तर तुमच्या कामी यावं.

नोंदणीचं थोडक्यात सांगते. पेट ही पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा, मुलाखत, मग आरआरसी म्हणजे विद्यापीठाच्या संशोधन समितीसमोर विषयाचं सादरीकरण. मार्च २०२१ मध्ये नोंदणीचं पत्र मिळालं. सहा महिने कोर्सवर्क झालं, तेही कोरोनामुळे बरंचसं मोबाईलच्या पडद्यावर. पत्रावर नोंदणीची तारीख आणि कुठल्या वर्षाचे नियम लागू आहेत हे पहिल्याच दिवशी बघा. पुढे नोव्हेंबर २०२२ मध्ये यूजीसीचे नवे नियम आले आणि शोधनिबंधाची सक्ती गेली, पण माझी नोंदणी आधीची, त्यामुळे मला २०१६चेच नियम लागू राहिले: एक शोधनिबंध आणि दोन परिषदांमध्ये सादरीकरण. माझ्या बरोबरच्या दोघांना हे शेवटच्या वर्षी कळलं, तेव्हा त्यांची फार ओढाताण झाली.

९ जानेवारी २०२२ला, रविवारी, माती गोळा केली. औसा तालुक्यात आमच्या आप्पांचं, म्हणजे मोठ्या काकांचं, पाच एकर काळं रान आहे. दोन एकरांत हरभरा होता, घरचंच बियाणं. त्या वर्षी मर जोरात होती. आधी शेंड्याची पानं माना टाकतात, दोन-चार दिवसांत अख्खं झाड वाळतं. अशा झाडाचा देठ ब्लेडनं उभा चिरला की आत मधोमध काळपट तपकिरी रेघ दिसते. पाणी वर नेणाऱ्या नळ्या फ्युजेरियम नावाच्या बुरशीनं तुंबलेल्या असतात, झाड उभ्या उभ्या तहानेनं मरतं. ती रेघ पहिल्यांदा बघितली तेव्हा मी बांधावर कितीतरी वेळ तो देठ हातात धरून बसले होते.

मी वाळलेली झाडं थोडीच घेतली. चारी बाजूंना वाळलेल्या ओळी आणि मध्ये एखादं हिरवंगार, फुलावर आलेलं झाड, अशा जागा शोधत होते. आप्पा म्हणाले, "मेलेली सोडून जित्या झाडाच्या बुडाला कशाला खांदायलीस गं?"

म्हटलं, "आप्पा, हे का जगलं ते बघायचंय."

ते काही बोलले नाहीत, पण मग पुढची सगळी झाडं त्यांनीच खुरप्यानं मातीच्या गड्ड्यासकट अलगद काढून दिली. झाड हलवल्यावर जी माती गळून पडते ती आपली नव्हे. झटकूनही मुळांना जी चिकटून राहते ती आपली, तिलाच ऱ्हायझोस्फिअर म्हणतात. ओल जास्त असेल तर काळी माती ढेकळासारखी चिकटते आणि मग मुळाजवळची माती कुठली नि लांबची कुठली हे कळत नाही. त्यामुळे पाणी दिल्यावर चार-पाच दिवसांनी, रान वाफशावर असताना जा.

तिथंच तीन गोष्टी केल्या, त्या पुढे फार उपयोगी पडल्या. प्रत्येक जागेचे अक्षांश-रेखांश मोबाईलवरून टिपले. पिशवीवर पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी आतही टाकली आणि बाहेरही बांधली, कारण पेनची शाई बर्फाच्या पाण्यानं जाते. आणि आप्पांकडून साध्या कागदावर संमती घेतली: गट नंबर, तारीख, माती कशासाठी नेली आणि सही. घरचं रान असलं तरी घ्या.

तेव्हा एसटीचा संप चालू होता. थर्मोकोलच्या खोक्यात बर्फ भरून खासगी ट्रॅव्हल्सनं सात तासांचा प्रवास केला. खोकं डिकीत ठेवू दिलं नाही, मांडीवरच घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काम सुरू केलं. दहा ग्रॅम माती नव्वद मिलि सलाइनमध्ये, मग दहा-दहा पटीनं पातळ करत सहाव्या नळीपर्यंत. पसरायला किंग्ज बी माध्यम, त्यात अँपिसिलिन, क्लोरॅम्फेनिकॉल आणि सायक्लोहेक्सिमाइड, म्हणजे इतर गर्दी कमी होऊन स्युडोमोनास कुळातले जिवाणू वर येतात. दोन दिवसांनी अंधारात अतिनील दिव्याखाली प्लेट धरली आणि पिवळसर हिरवे ठिपके चमकले. ही चमक पायोव्हर्डिन नावाच्या रंगद्रव्याची. मातीत लोह भरपूर असलं तरी न विरघळणाऱ्या रूपात असतं. ते ओढून आणायला जिवाणू हे रसायन बाहेर सोडतो. म्हणजे बुरशीशी पहिली झटापट लोहावरूनच असते.

एकशे बारा कॉलनी, म्हणजे जिवाणूंचे वेगवेगळे ठिपके, निवडल्या. प्रत्येकीची फ्युजेरियमशी गाठ घालून दिली: पीडीए या बटाट्याच्या माध्यमाच्या प्लेटच्या मध्यभागी बुरशीची चकती, कडेला चार जिवाणू, सात दिवस वाट. बहुतेक ठिकाणी बुरशी जिवाणूवरून चालत गेली. नऊ जिवाणूंनी तिला लांबच थोपवलं. सगळ्यात रुंद मोकळी जागा एच-३१ नं राखली होती, दुसरा क्रमांक एच-५८चा.

४ मार्च २०२२ला मॅडमनी, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांनी, सगळी कामं बाजूला ठेवायला लावून नऊही जिवाणूंचे ग्लिसरॉल स्टॉक, म्हणजे गोठवून जपायचे मूळ नमुने, करायला लावले. रात्रभर वाढवलेलं कल्चर आणि निर्जंतुक ग्लिसरॉल, शेवटी ग्लिसरॉल वीस ते पंचवीस टक्के राहील असं. प्रत्येकी चार कुप्या, उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरमध्ये. अख्खा दिवस त्यात गेला आणि मला तो वाया गेल्यासारखा वाटला होता.

पुढचे पाच महिने मी फक्त एच-३१ वर काम केलं. तो झरझर वाढायचा, माध्यम निळसर हिरवं करायचा, प्लेट उघडली की पिकल्या द्राक्षांसारखा गोड वास यायचा. इथं ज्यांना पुढचं कळलं त्यांनी मला तेव्हा सांगायला हवं होतं. ऑगस्टमध्ये १६एसचा, म्हणजे जिवाणू ओळखायला वाचतात त्या जनुकाचा, अहवाल आला: स्युडोमोनास एरुजिनोसा. भाजलेल्या जखमांत, फुप्फुसांत संसर्ग करणारा, रुग्णालयांना नकोसा झालेला हा जिवाणू. आपल्याकडच्या शेतमातीत तो भरपूर आहे आणि बुरशीही उत्तम मारतो, पण तो शेतकऱ्याच्या हातात बियाण्याला चोळायला द्यायचा नाही. मी वसतिगृहाच्या गच्चीवर जाऊन रडले. घरी चार दिवस सांगितलं नाही.

ही चाळणी पहिल्याच आठवड्यात फुकटात लावता येते. चांगल्या निघालेल्या प्रत्येक जिवाणूची एक प्लेट ४२ अंशांना ठेवा. एरुजिनोसा तिथं मजेत वाढतो. फ्लुओरेसेन्स, क्लोरोराफिस ही त्याच कुळातली मंडळी त्या तापमानाला तग धरत नाहीत. एक इनक्युबेटर, दोन दिवस. तोवर हातमोजे आणि ऑटोक्लेव्ह यांत हयगय नको.

मग एच-५८. किंग्ज बीवर याच्या कॉलनी गाजरासारख्या केशरी यायच्या. १६एसनं एवढंच सांगितलं की स्युडोमोनास आहे. या कुळात तेवढ्यावरून जात ठरत नाही, शेजारच्या जाती फार सारख्या दिसतात. समितीनं सहामाही अहवालाच्या वेळी नेमकं तेच विचारलं, म्हणून जीवायआरबी आणि आरपीओडी ही आणखी दोन जनुकं वाचून घेतली. क्लोरोराफिस निघाला. तिन्हींचा मिळून खर्च साडेतीन हजारांच्या आसपास आला. पहिल्या खेपेला अहवालात दुहेरी शिखरं आली होती, कारण आमचंच कल्चर शुद्ध नव्हतं. पाठवण्याआधी सलग तीन वेळा एकेका कॉलनीवरून स्ट्रीक करा, म्हणजे नव्या प्लेटवर रेघा ओढून वाढवा, ते पैसे वाचतात.

आता ते आठ महिने.

डिसेंबर २०२२ मध्ये एच-५८ ची मोकळी जागा लहान झाली. जानेवारीत आणखी. फेब्रुवारीत बुरशी सरळ त्याच्यावरून गेली. मी पीडीएचा डबा बदलला, बुरशी नवीन घेतली, पाणी बदललं, इनक्युबेटरचं तापमान दुसऱ्या तापमापीनं तपासलं. त्याच काळात फेलोशिपचे हप्ते अकरा महिने अडकले होते. दर महिन्याला उपस्थितीपत्रक, घरभाड्याचं प्रमाणपत्र, विभागप्रमुखांची सही, आणि उत्तर एकच: प्रक्रिया सुरू आहे. सकाळी शिकवण्या घेऊन दुपारी प्रयोगशाळेत यायचे. आपल्याला हे जमणार नाही असं तेव्हा रोज वाटायचं. मॅडम रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, पण त्या रोज शांतपणे विचारायच्या, "आज काय दिसलं?"

ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांनी माझी वही मागितली आणि एकच प्रश्न केला: "ही प्लेट कुठल्या प्लेटवरून केलीस?" मी मागे मागे जात राहिले. दर आठवड्याला आदल्या आठवड्याच्या प्लेटवरून नवी प्लेट. वर्षभर. फ्रीजर खालच्या मजल्यावर, किल्ली मागावी लागायची, म्हणून हे सोपं वाटलं होतं. आणि वहीत माझ्याच अक्षरात पानोपानी नोंद होती: "केशरी व फिकट अशा दोन प्रकारच्या कॉलनी. फिकट जास्त स्वच्छ व गोल. त्या निवडल्या."

फिकट कॉलनी ही भेसळ नव्हती. तो एच-५८च होता, पण बदललेला. या जिवाणूंमध्ये जीएसीएस आणि जीएसीए अशी जनुकांची एक जोडी असते. रसायनं, प्रथिनं फोडणारी विकरं, हायड्रोजन सायनाइड, या सगळ्यांचं मुख्य बटण तिच्या हाती. प्रयोगशाळेत खाणंपिणं भरपूर, शत्रू कुणी नाही. अशा ठिकाणी ज्या पेशीत हे बटण बिघडतं तिची रसायनं करण्याची मेहनत वाचते आणि ती इतरांपेक्षा जोमानं वाढते. थोड्याच पिढ्यांत तीच उरते. गव्हाच्या मुळांवरून मिळालेल्या ३०-८४ नावाच्या प्रसिद्ध क्लोरोराफिस वाणात हे आधीच दाखवलं गेलं होतं. ज्या शत्रूसाठी जिवाणू हे सगळं करत होता तो शत्रूच मी काढून घेतला होता आणि वर ज्यांनी काम सोडलं त्यांनाच दर आठवड्याला निवडत होते.

त्या दुपारी किल्ली घेऊन खाली गेले. खोका क्रमांक ४. मार्च २०२२ची कुपी. ती वितळू दिली नाही, बर्फावर धरून वरचा थर लूपनं खरवडला आणि प्लेटवर ओढला. दोन दिवसांनी इनक्युबेटरचं दार उघडलं तर प्लेटभर केशरी. एकही फिकट नाही. प्रयोगशाळेतल्या मामांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, "आला का तुमचा परत?"

तेव्हापासून मी दोन नियम पाळले. कुठलाही प्रयोग फ्रीजरच्या कुपीपासून, आणि एका प्लेटवरून फार तर दोनदा पुढे. शिवाय दर वेळी स्किम मिल्क अगारच्या प्लेटवर एक ठिपका. बटण शाबूत असेल तर दुधाचा पांढरेपणा फुटून ठिपक्याभोवती स्वच्छ कडं पडतं, बिघडलं असेल तर पडत नाही. खर्च जवळजवळ शून्य आणि दोन दिवसांत उत्तर. मोठ्या फ्लास्कमध्ये वाढवताना माध्यम थोडं पातळ ठेवलं आणि किंचित झिंक घातलं, त्यानं असे बिघडलेले प्रकार कमी माजतात.

सप्टेंबरपासून रसायनाच्या मागे लागले. आठ फ्लास्क, प्रत्येकी पाचशे मिलि, २८ अंश, बहात्तर तास. पेशी सेंट्रिफ्यूजनं खाली बसवल्या, वरचं केशरी पाणी आम्ल घालून पीएच २ वर आणलं आणि इथिल ॲसिटेटबरोबर घुसळलं. फेनाझिन, म्हणजे हे जिवाणू बनवतात ती रंगीत बुरशीरोधक रसायनं, आम्लात वरच्या थरात येतात. पहिल्या खेपेला मध्ये साबणाच्या फेसासारखा थर बसला आणि रात्रभर हलला नाही. मीठ घाला, साधं सोडियम क्लोराइड, मग थर वेगळे होतात. रोटरी इव्हॅपोरेटरवर इथिल ॲसिटेट उडवताना चाळीस अंशांच्या वर जाऊ नका. तळाशी उरलेला गडद अर्क सिलिकाच्या स्तंभातून हळूहळू उतरवला. चार लिटरांतून शेवटी शेहेचाळीस मिलिग्रॅम पिवळी पूड मिळाली. भिंगाखाली तिच्या बारीक सुया दिसत होत्या. कुपी उजेडाकडे धरून मी त्या किती वेळा बघितल्या ते मोजलं नाही.

इथिल ॲसिटेट आणि एचपीएलसी दर्जाचं मिथेनॉल मागवणं हा वेगळाच उद्योग होता. आधी सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर शोधायचं, तिथं नसेल तर 'उपलब्ध नाही' असा दाखला काढायचा, मग तीन कोटेशन, मग खरेदी समिती. माझी एक फाईल सव्वादोन महिने फिरली, कारण एका कोटेशनवर तारीख नव्हती. तेव्हापासून कोटेशन हातात आलं की तारीख, सही, शिक्का आणि जीएसटी क्रमांक तिथल्या तिथं बघते. तुलनेसाठी लागणारं शुद्ध फेनाझिन-१-कार्बोक्सिलिक आम्ल (पीसीए) बाहेरून यायचं होतं, काही मिलिग्रॅमला पंधरा हजारांच्या घरात. दहा आठवडे लागले. याची ऑर्डर प्रयोग सुरू करण्याआधीच टाकून ठेवा.

एलसी-एमएस या रेणू वेगळे करून त्यांचं वजन मोजणाऱ्या यंत्रासाठी सात आठवड्यांची रांग होती. पैसे आधी भरायचे, त्यावर अठरा टक्के जीएसटी. नमुने गाळूनच पाठवायचे, नाहीतर परत येतात. १४ मार्च २०२४ला मेल आला. पहिलं शिखर २२५ वर, त्याचे तुकडे २०७ आणि १७९. मागवलेल्या शुद्ध नमुन्याशी हुबेहूब जुळलं: पीसीए. दुसरं शिखर २४१ वर, बरोबर सोळा जास्त, म्हणजे त्याच रेणूवर ऑक्सिजनचा एक अणू अधिक. २-हायड्रॉक्सी रूप. तो केशरी रंग याचाच होता, जो मी वर्षभर टाकून देत आले होते. पीसीए नवीन नाही. १९८८ साली गव्हाच्या मुळांवर त्याचं काम सिद्ध झालं, चीनमध्ये तर ते बुरशीनाशक म्हणून विकलं जातं. पण आप्पांच्या रानातल्या त्या हिरव्या झाडाच्या मुळाशी ते होतं, हे मला माझ्या हातांनी कळलं होतं.

त्याच सुमारास परदेशातल्या एका प्रयोगशाळेनं एच-५८चा जिनोम, म्हणजे सगळी जनुकं, मोफत वाचून देण्याची तयारी दाखवली. मॅडमनी थांबवलं. जिवंत कल्चर असं पोस्टानं देशाबाहेर धाडता येत नाही, जैवविविधता कायदा २००२ खाली चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची वाट धरावी लागते. पेटंटचा विचार असला तरी तिकडेच. आम्ही जिनोम देशातच वाचून घ्यायचं ठरवलं.

कल्चर जमा करायला मी पुण्याच्या राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्राचा अर्ज मे २०२४ मध्ये भरला. माती कुठली, अक्षांश-रेखांश, माध्यम, तापमान, जनुकक्रम, सगळं विचारतात. बांधावर टिपलेले आकडे इथं जसेच्या तसे उतरवले. पहिल्यांदा कल्चर कुरिअरनं पाठवलं ते मेच्या उन्हात कुठंतरी पाच दिवस पडून राहिलं आणि मेलं. दुसऱ्यांदा मी स्वतः घेऊन गेले. गाडी पिंपरीवरून गेली तेव्हा खिडकीतून बघत होते. तिथल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध सापडलं आणि ते देणाऱ्या मातीतल्या जिवाणूचं नाव गावावरून ठेवलं गेलं, स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. मांडीवर खोकं होतं. आपल्या मातीत पूर्वीही कुणीतरी असंच बसून शोधलंय, याचा त्या दिवशी फार आधार वाटला. जुलैत जमा झाल्याचा क्रमांक आला.

कुंड्यांमध्ये एच-५८ लावलेल्या हरभऱ्यात मर स्पष्ट कमी दिसली. आप्पांच्या रानात एक हंगाम लावून बघितलं, तिथं फरक दिसला नाही. प्रबंधात दोन्ही तसंच लिहिलंय. पेरणीनंतर पाऊस नव्हता, कोरड्या काळ्या मातीत जिवाणू किती टिकला हे मोजायला आम्ही उशिरा गेलो. आप्पा म्हणाले, "एका सालानं काय कळतंय? यंदा परत लाव."

पूर्वसादरीकरण नोव्हेंबर २०२४, वाङ्मयचौर्य तपासणीचा दाखला, ग्रंथालयाचं ना-हरकत, शुल्काची पावती, शोधगंगेसाठी सीडी, आणि १८ फेब्रुवारी २०२५ला प्रबंध जमा. मौखिक परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी फिकट कॉलनींच्या पानावर बोट ठेवून वीस मिनिटं त्याबद्दलच विचारलं. ते पान मी प्रबंधातून काढणार होते. मॅडमनी काढू दिलं नव्हतं.

एच-५८च्या मूळ चार कुप्यांपैकी दोन शिल्लक आहेत. खोका ४, तिसरी रांग. किल्ली आता नव्याने आलेल्या मुलीकडे असते. गेल्या आठवड्यात तिनं यंदाच्या पेरणीसाठी एक ठिपका दुधाच्या प्लेटवर ठेवला होता. काल फोटो पाठवला, कडं स्वच्छ पडलंय.